पाकिटाला कोणी बोलत नाही

दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होते. तिचा विषय शिक्षकांच्या खोलीतच ठरतो. त्या डिसेंबरात उपप्राचार्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण आणलं होतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते वाचलं, "लठ्ठपणा कमी करण्यासाठी सरकारने गोड पेयांवर आणि तळलेल्या पाकीटबंद पदार्थांवर जादा कर लावावा का?" वाचून झाल्यावर त्यांनी मान वर केली, आणि त्यांची नजर नेमकी माझ्यावर पडली. ती त्यांनी लगबगीने भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे वळवली.

खोलीत आम्ही सात-आठ जण होतो. बाकीचे आपापल्या वह्या चाळू लागले. मग मीच म्हणाले, "चांगला विषय आहे. करांचा आहे, म्हणजे माझ्याच विषयातला."

"तेच म्हणतोय मी," ते सुटल्यासारखे म्हणाले. "मग परीक्षक म्हणून तुम्हीच बसा, मॅडम. दुसरे एक डॉक्टर बोलावू बाहेरचे."

मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर का नाही म्हणते आहे ते सगळ्यांना कळलं असतं. हो म्हटल्यावर निदान मला काही वाटलं नाही असं दाखवता येत होतं. माझं वजन तेव्हा एकशे आठ किलो होतं.

मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. लग्न केलं नाही. नाशिकला गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई राहायचो. त्या डिसेंबरात आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. मी लहानपणापासूनच जाड, आणि आई शेवटपर्यंत काटकुळी. लहानपणी आम्ही दोघी रस्त्याने निघालो की बायका आधी तिच्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे, आणि आईला ते बघणं अंगाला चटका बसावा तसं लागायचं.

ती मला मोजून वाढायची. दोन पोळ्या, भाजी, वरण, आणि भात असेल तर एकच पोळी. तिसरी पोळी मी कधी मागितली नाही आणि तिने कधी वाढली नाही. लग्नाच्या पंगतीत ती समोरच्या रांगेत बसायची. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन माझ्याजवळ आला की ती तिकडून नुसती बघायची. मग मी पानावर हात आडवा धरायचे. "पुरे," हा शब्द तिने मला जितक्या वेळा ऐकवला असेल तितक्या वेळा माझं नावही घेतलं नसेल.

अशा पहाऱ्याचं व्हायचं तेच झालं. नोकरी लागल्यावर मी कॉलेजातून येताना बेकरीत थांबायला लागले. खारी, नानकटाई, कधी क्रीमरोल. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, जिथे खिडकी आहे आणि कोणाचं दार उघडत नाही, तिथे उभी राहून मी सगळं संपवायचे आणि कागद पर्समध्ये कोंबून वर जायचे. शिक्षिका होते, केस पांढरे व्हायला लागले होते, तरी हे चालू होतं. एकदा दार उघडून आई म्हणाली, "तोंड पूस." एवढंच. तिला सगळं माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मला त्या दिवशी कळलं. नंतरही आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

त्यामुळे कराच्या प्रश्नावर माझं मत पक्कं होतं. कर लावू नये. वर्गात मी शिकवायचे की किंमत वाढली तर मागणी घटते, मिठासारख्या वस्तूची घटत नाही, वगैरे. पण मनात म्हणायचे, मागणीचं मला काय सांगता? आयुष्यभर माझ्या ताटावर पहारा होता. त्याने वजन उतरलं नाही. फक्त चोरून खायची सवय लागली.

आई गेल्यावर पहारा उठला. सुरुवातीला मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. आता मी खारीचा पुडा उघड्यावर, टीव्हीसमोर बसून खाऊ शकत होते. पुड्याला पुडे लागत गेले. संध्याकाळी कुलूप उघडून आत आलं की घरात कसलाच आवाज नसायचा. मी आधी टीव्ही लावायचे, मग पर्स ठेवायचे, मग पुडा फोडायचे. त्या दोन वर्षांत माझं वजन चौदा किलोंनी वाढलं आणि जिना चढताना गुडघे बोलायला लागले. एका रविवारी फरसाणाची अर्धा किलोची पिशवी संपवून रिकाम्या पिशवीकडे बघत बसले होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कशाची तरी वाट बघते आहे. कोणीतरी आतल्या खोलीतून "पुरे आता" म्हणेल याची. ते लक्षात आल्यावर मी उठून गॅलरीत गेले आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे बघत बराच वेळ उभी राहिले.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कोणी नव्हतंही.

स्पर्धा जानेवारीत झाली. थंडी चांगलीच होती, मुलं स्वेटर घालून आली होती. सभागृहात व्यासपीठावर परीक्षकांसाठी हातांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तसल्या खुर्चीत मी बसले तर उठताना ती माझ्याबरोबर उठते. म्हणून मी अर्धा तास आधीच जाऊन वर्गातली एक बिनहातांची लाकडी खुर्ची स्वतः ओढत आणून ठेवली. डॉक्टर वेळेवर आले. पन्नाशीचे, शिडशिडीत, रोज पहाटे धावणारे. माणूस सभ्य होता. त्यांनी मला नमस्कार केला आणि पूर्ण वेळ माझ्या फक्त चेहऱ्याकडे बघायची काळजी घेतली. ती काळजीच मला जाणवत राहिली.

पहिली तीन-चार भाषणं पाठ केलेली होती. मग अकरावीचा एक मुलगा आला. तो कराच्या विरोधात बोलणार होता. हुशार, चुणचुणीत, सभा ताब्यात घेणारा. म्हणाला, "मी सडपातळ आहे. मला महिन्यातून एकदा वेफर्स खावेसे वाटले, तर मी जास्त पैसे का मोजायचे? वजन दुसऱ्याचं आणि कर माझ्यावर? लावायचाच असेल तर पाकिटावर कशाला, वजनकाट्यावर लावा! एसटीत दोन सीटं अडवणाऱ्यांना दोन तिकिटं फाडा!"

सभागृह हसलं. डॉक्टरही हसले. मग हसणं एकेका रांगेतून विरत गेलं, कारण मुलांना व्यासपीठावर मी दिसले. मुलगाही क्षणभर अडखळला. तेव्हा मी हसले. मोठ्याने, मान हलवून. अशा वेळी आपणच हसायचं असतं हे मी शाळेत असतानाच शिकले होते. मी हसल्यावर मुलं पुन्हा हसली, मुलगा सावरला आणि टाळ्या घेऊन खाली उतरला.

त्याच्यानंतर बारावीतली एक मुलगी आली. ती माझ्याच वर्गात होती, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. दिंडोरीच्या पुढच्या एका गावातून रोज एसटीने येणारी. जाडच होती, बऱ्यापैकी जाड. वर्षभरात ती माझ्याशी कधी आपणहून बोलली नव्हती आणि मीही तिच्याशी बोलले नव्हते. खरं सांगायचं तर मी तिला टाळत होते. जाड माणसं एकमेकांशेजारी उभी राहायला कचरतात. तिच्या पायऱ्या चढण्याने व्यासपीठाच्या फळ्या वाजल्या आणि मागून कोणीतरी खुदकन हसलं.

मला वाटलं, ही विरोधात बोलणार. माझ्यासारखंच म्हणणार.

ती म्हणाली, "मी कराच्या बाजूने बोलणार आहे."

तिच्या हातात कागद नव्हता. सुरुवातीला आवाज कापत होता. "आमच्या गावात द्राक्षं पिकतात," ती म्हणाली. "चांगली द्राक्षं पेट्यांत भरून बाहेर जातात. माझी आई पेट्या भरायला जाते, वडील फवारणीला जातात. मी घरातून सहाला निघते, तेव्हा चूल पेटलेली नसते. स्टँडवर मला पाच रुपयांत काय मिळतं? पाकीट मिळतं. केळं पाच रुपयांत कोणी देत नाही. गावातल्या दुकानात दारापासून आतपर्यंत पाकिटांच्या माळा टांगलेल्या आहेत. अंगणवाडीतली पोरं हातात पाकीट घेऊन फिरतात. ज्या गावातून द्राक्षं जातात त्या गावात पोरं हे खातात."

ती थांबली. आता आवाज कापत नव्हता.

"मला सगळे सांगतात. आजी सांगते, मामा सांगतो, शेजारची काकू सांगते, एसटीचा कंडक्टरसुद्धा सांगतो की ताई, जरा कमी खा. मी लहान होते तेव्हापासून सगळे मलाच बोलतात. पाकिटाला कोणी बोलत नाही. ज्याने ते बनवलं, ज्याने ते पाच रुपयांत माझ्या हाताशी आणून टांगलं, त्याला कोणी बोलत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की सरकारने एकदा पाकिटाला बोलावं. कर लावला म्हणून मी बारीक होईन असं नाही. पण मला वाटेल, चूक फक्त माझी एकटीची नव्हती."

मग ती म्हणाली की कराचा जो पैसा येईल त्यातून शाळेत पोटभर आणि चांगलं खायला द्या, नाहीतर हा नुसता गरिबांच्या खिशाला हात आहे. नमस्कार करून ती उतरली. वेळ संपल्याची घंटा वाजायला अजून अर्धं मिनिट होतं.

मी गुणपत्रिकेकडे बघत होते, पण मला आकडे दिसत नव्हते. कर म्हटलं की इतकी वर्षं मला आईच दिसत होती. पंगतीतून बघणारी आई, माझ्याच हाताकडे बघणारी. तो पहारा दुसऱ्या कोणावर बसवता येतो, पाकिटावर, दुकानावर, हे मी दरवर्षी वर्गात शिकवूनही मला कधी सुचलं नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलीला सुचलं होतं. मी तिला पन्नासपैकी सत्तेचाळीस दिले. बाकी कोणालाच चाळीसच्या वर दिले नव्हते.

निकाल ठरवायला आम्ही दोघे व्यासपीठाच्याच एका कोपऱ्यात वळून बसलो. डॉक्टरांनी मुलाला पहिलं ठरवलं होतं. "तयारी चांगली आहे त्याची. सभाधीटपणा आहे," ते म्हणाले. "ती मुलगी मनापासून बोलली, पण जरा वैयक्तिक झालं, नाही का? वादविवादात मुद्दा हवा."

तिच्याच भाषणात मुद्दा होता. हे मला पाच मिनिटं नीट समजावून सांगता आलं असतं, तोच तर माझा विषय. कर कोणावर बसतो, त्याचा भार कोण उचलतो, त्या पैशाचं काय करायचं, हे सगळं त्या स्पर्धेत ती एकटी बोलली होती. पण मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, हे म्हणतील, जाडी जाडीची बाजू घेते. ते म्हणाले नसते कदाचित. मला तसं वाटलं एवढंच.

"हो," मी म्हणाले. "वैयक्तिक झालं थोडं."

मुलाला पहिलं बक्षीस मिळालं. दुसरं पाठ केलेल्या भाषणांपैकी एकाला. मुलीला उत्तेजनार्थ.

सगळे पांगल्यावर मी माझी खुर्ची वर्गात नेऊन ठेवत होते, तर ती दारात उभी. "मॅडम, मी घेते," म्हणून तिने खुर्ची माझ्या हातातून घेतली, जागेवर ठेवली आणि मग विचारलं, "मॅडम, माझं काय चुकलं?"

मी म्हणाले, "वेळ. तू वेळेच्या थोडी पुढे गेलीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. घंटा वाजलीच नव्हती हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. "बरं मॅडम," ती म्हणाली. "पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

ती बारावीत होती. पुढची वेळ कुठली येणार होती?

त्या संध्याकाळी मी बेकरीत थांबले नाही. पश्चात्ताप वगैरे म्हणून नाही, भूकच नव्हती. घरी येऊन टीव्ही न लावता बसले. आई असती तर तिला सांगितलं असतं का, याचा विचार करत होते. नसतंच सांगितलं. पण ती स्वयंपाकघरात भांडी लावत असती आणि मी बाहेर बसलेली असते, आणि न सांगताही ते दोघींत कुठेतरी राहिलं असतं. आता ते माझ्या एकटीजवळ होतं.

आठवडाभर मी वर्गात शेवटून दुसऱ्या बाकाकडे बघायचं टाळलं. मग एक दिवस तास संपल्यावर तिला थांबवलं. बाकीचे बाहेर जाईपर्यंत मी फळा पुसत राहिले. मग वळून म्हणाले, "मी तुला खोटं सांगितलं. वेळेचं काही नव्हतं. मी तुला सगळ्यांत जास्त गुण दिले होते. पण डॉक्टरांपुढे मी तुझ्यासाठी बोलले नाही."

तिने पिशवी खांद्यावर नीट केली. "माहीत होतं, मॅडम."

"कसं?"

"तुमचा कागद टेबलावर होता. प्रमाणपत्र घ्यायला वर आले तेव्हा दिसला. सत्तेचाळीस."

"मग मला विचारलंस कशाला?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "जाऊ का मॅडम? अकरा चाळीसची गाडी हाय." आणि ती गेली.

फेब्रुवारीत बारावीची परीक्षा लागली, त्यांचे तास संपले. वर्ग रिकामा झाला. मी रोज चालायला सुरुवात केली होती, दहा मिनिटं, मग पंधरा, गुडघे परवानगी देतील तेवढं. वजन किलोभर उतरलं, पुन्हा चढलं. पुडे चालू होतेच, कधी कमी, कधी जास्त. एका दुपारी बेकरीतल्या माणसाने न विचारता खारीचा पुडा पुढे केला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "आज नको." तो म्हणाला, "का मॅडम, तब्येत बरी नाही का?" मला विचारणारा दिवसभरातला तो पहिला माणूस होता. मी पुडा घेतला.

मुलगी मला पुन्हा भेटली ती जूनमध्ये, दाखला न्यायला आली तेव्हा. मी फाटकातून बाहेर पडत होते आणि ती समोरच्या टपरीजवळ गाडीची वाट बघत उभी होती. या वेळी मी रस्ता ओलांडून गेले. "चहा घेतेस?" मी विचारलं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. टपरीवर आमच्याच कॉलेजची चार-पाच मुलं होती. मलाही ती दिसत होती. "घेऊ की," ती म्हणाली.

आम्ही दोघी बाकावर बसलो. बाक करकरला. एक मुलगा वळून बघून दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला. मी चहा प्यायला लागले. ती सांगत होती की नर्सिंगला अर्ज केला आहे, नंबर लागला तर नाशकातच खोली करून राहील. आई म्हणते, तिथे तुला जेवायला कोण घालणार. "म्हटलं, मीच घालीन मला," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले, पण ते व्यासपीठावरच्यासारखं हसणं नव्हतं.

मग तिने अचानक विचारलं, "मॅडम, तुमचं मत काय हाय? लावावा का कर?"

डिसेंबरात तो विषय ठरला तेव्हापासून इतक्या लोकांनी त्यावर माझ्यासमोर भाषणं केली, मला परीक्षक केलं, माझ्याकडे बघून नजरा वळवल्या. पण मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी ग्लास बाकावर ठेवला.

"आधी मी म्हणायचे, लावू नये," मी म्हणाले. "माझी आई मला फार आवरायची. मला वाटायचं, सरकारने तरी तसं करू नये. तुझं भाषण ऐकल्यापासून वाटतं, लावावा. तू म्हणालीस तसा, पाकिटावर. आणि पैसा पोरांच्या जेवणाला जावा. पण त्याने सगळं सुटेल असं मला वाटत नाही. माझ्यासारख्या माणसाचं तर नाहीच. मी भुकेने खात नाही ना. घरी गेल्यावर कोणी..."

दिंडोरीची एसटी वळणावर दिसली. ती उठली, ग्लास टपरीवाल्याकडे दिला. "कोणी काय मॅडम?"

"काही नाही. पकड गाडी. गर्दी आहे."

"तुमचा फोन नंबर द्या ना," ती घाईघाईने म्हणाली. मी तो सांगितला, पण तिचा मोबाईल पिशवीच्या तळाशी होता आणि कंडक्टर घंटी मारत होता. ती नंबर तोंडाने पुटपुटत गाडीत चढली. तिला जागा मिळाली की नाही ते मला खालून दिसलं नाही.

नंबर तिच्या लक्षात राहिला नसावा. ऑगस्ट उजाडला, तिचा फोन आला नाही. नर्सिंगची यादी लागली तेव्हा मी कॉलेजच्या कार्यालयात तिचा पत्ता मिळेल का म्हणून विचारणार होते. दोनदा दारापर्यंत गेले. दुसऱ्या वेळी कारकून म्हणाला, "काही हवंय का मॅडम?" मी म्हणाले, "खडू संपलेत," आणि खडूचा डबा घेऊन वर्गावर गेले. अकरावीचा पहिलाच करांचा धडा होता त्या दिवशी.